पहिली वेलांटी

केंद्रात पहिल्या दिवशी एक फॉर्म भरायला दिला. दोन पानी, झेरॉक्सचीही झेरॉक्स, वर ठळक अक्षरांत ‘स्मृतीभ्रंश असलेल्या ज्येष्ठांसाठी व्हीआर उपक्रम : संमतिपत्र’. मी नाव, वय, औषधं, रक्तदाब असं एकेक लिहीत होते. अप्पा, माझे वडील, शेजारच्या खुर्चीत गप्प बसले होते. मध्येच त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. मला वाटलं, सही करायची घाई झाली. त्यांनी ‘ती’वर एक तिरकी रेघ ओढली, त्याच ओळीच्या टोकाला समासात ‘ति’ लिहिलं आणि पेन परत माझ्या हातात ठेवलं.

“समास आहे,” म्हणाले. “पहिली.”

स्मृती एकटी असली तर दुसरी वेलांटी, पुढे काही जोडलं की पहिली. साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम अप्पांना पाढ्यांसारखे पाठ. गंमत म्हणजे त्याच ओळीत ‘संमतिपत्र’ बरोबर छापलेलं होतं, त्याला त्यांनी हातही लावला नाही. आणि त्याच सकाळी आपण कितव्या मजल्यावर राहतो हे त्यांनी मला चार वेळा विचारलं होतं.

अप्पा १९६० साली, सोळाव्या वर्षी राजापूरकडून गिरगावात आले आणि एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला लागले. आधी सोडलेले खिळे केसमध्ये परत ज्या त्या घरात टाकायचे, मग हळूहळू जुळणी, मग प्रुफं. पुढची चाळीस वर्षं प्रुफंच. ऑफसेट आला, डीटीपी आलं, छापखान्याचं नाव बदललं, मालकाचा मुलगा मालक झाला. अप्पांच्या खिशातलं लाल पेन तेवढं तेच राहिलं. आम्ही १९७९ मध्ये ठाण्याला नौपाड्यात आलो. तेव्हा गिरगावातली अर्धी चाळ कुठे ना कुठे पांगतच होती, कुणी डोंबिवलीला, कुणी बोरिवलीला. नौपाड्यातली आमची इमारत २०२२ मध्ये पुनर्विकासाला गेली आणि आम्ही भाड्याने घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे चौदाव्या मजल्यावर जाऊन पडलो. विसरणं आधीपासून होतं. किल्ली विसरणं, तीच गोष्ट पुन्हा सांगणं, याला आम्ही ‘वय झालं’ म्हणत होतो. पण नव्या घरात गेल्यावर महिन्याभरात अप्पा रात्री उठून संडास शोधत स्वयंपाकघरात उभे राहायला लागले. जुन्या घरात पाय आपोआप वळत होते, इथे डोक्याला काम पडलं आणि डोक्याची शिल्लक उघडी पडली.

डॉक्टरांनी आधी बी-१२, थायरॉइड वगैरे पाहिलं, कारण त्या कमतरतेनेही असंच होतं आणि ते दुरुस्त होतं. आमचं ते नव्हतं. एमआरआय झाला. स्मरणशक्ती तपासणारी ३० मार्कांची प्रश्नपत्रिका झाली, त्यात अप्पांना १९. घड्याळ काढायला सांगितलं तर त्यांनी बारा आकडे सुरेख वळणदार काढले, सगळे उजव्या अर्ध्या भागात. वर्ष कोणतं, तर म्हणाले, “शहाऐंशी.” डॉक्टर मान हलवून लिहीत होते. अप्पा मला हळूच म्हणाले, “हा माझी परीक्षा घेतोय.” त्यांना कमी मार्कांचं दुःख नव्हतं. परीक्षा आपली घेतली जातेय हे लागलं होतं. मला ते तेव्हा कळलं नाही.

कारण घरीही आम्ही तेच करत होतो. अप्पा, आज मंगळवार. अप्पा, ते मीठ आहे. अप्पा, हा शर्ट उलटा घातलाय. अप्पा, नाना काका वारले, तुम्हीच तर गेला होतात स्मशानात. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्याच्या चुका सकाळी सात ते रात्री दहा, घरातली चार माणसं मिळून काढत होती. त्यात दिवसभरासाठी ठेवलेले मामाही आले. तेही मला फोन करून सांगायचे, “ताई, आज अप्पांनी दोनदा अंघोळ केली.”

व्हीआरचं, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट नावाचा जाड चष्मा चढवून चारी बाजूंना खोटं जग दाखवायच्या प्रकाराचं, मी ऐकलं ते केंद्रातल्या ताईंकडून. त्या मानसशास्त्र शिकलेल्या, वयाने माझ्या मुलीसारख्या, पण आम्ही सगळे पालक (हो, तिथे आम्हालाच पालक म्हणतात) त्यांना ताई म्हणतो. भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक या आजारात आहेत असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज त्यांनी पहिल्याच सभेत सांगितला होता. मला तेव्हा एवढंच वाटलं, की मग दिवसभर माणूस ठेवता येईल असं केंद्र आमच्यापासून दोन रिक्षा आणि एक बस लांब का.

ताईंनी नीट समजावलं. जुन्या आठवणी मुद्दाम काढायच्या, फोटो, वस्तू, गाणी समोर ठेवून बोलतं करायचं, ही पद्धत नवी नाही. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडलं, की म्हातारपणी मागचं उगाळणं हे लक्षण बिघाडाचं नसून आयुष्याचा हिशेब लावण्याचं आहे. तोवर डॉक्टर मंडळी म्हणत, यांना भूतकाळात रमू देऊ नका. आणि अलीकडचं आधी जातं, जुनं शेवटपर्यंत टिकतं, हे तर फ्रान्समध्ये रिबो या मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच लिहून ठेवलंय. त्यातही साधारण पंधरा ते पंचवीस वयातलं सगळ्यात घट्ट. अप्पांचं गणित मी तिथल्या तिथे मांडलं : १९५९ ते ६९. म्हणजे गिरगाव. संध्याकाळ झाली की ते पिशवी घेऊन “घरी जातो” म्हणत दाराशी उभे राहायचे, ते घर नौपाड्याचं असणार असं आम्ही धरून चाललो होतो. नौपाड्याला अप्पा पस्तिशीत आले.

“पण फार अपेक्षा ठेवू नका,” ताई म्हणाल्या. या आठवण-उपचारावरच्या २२ अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये आढावा घेतला, त्यात फायदा दिसला, पण थोडा, आणि सगळीकडे सारखा नाही. चष्मा लावून केलेले प्रयोग तर बहुतेक लहान, थोड्या माणसांवरचे. आजार थांबत नाही, मूड सुधारू शकतो, बोलणं वाढू शकतं. मला हे आवडलं. याआधी मला ब्राह्मी, खोबरेल, शब्दकोडी आणि एक हजारो रुपयांची चुंबकाची गादी, सगळं ‘शंभर टक्के गुण’ म्हणून सांगून झालं होतं.

पहिला प्रयोग फसला. फिरती नसलेली, हाताची खुर्ची. समोर दोन पावलं मोकळी जागा. चक्कर, फिट, कानाचा त्रास आहे का याची चौकशी. मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, त्यांचा नंबरचा चष्मा आत बसावा म्हणून मध्ये एक कड घातली. तो हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास असतो, नाकावर आणि गालांवर बसतो. आत काय होतं, तर परदेशातली कुठली तरी बाग. तळं, हंस, बाकं. केंद्राकडे तयार आलेल्या संग्रहात तेच होतं. अप्पांनी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, मग खाली घातली आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

“माझे पाय कुठे गेले?”

मी हे कधीच विचारात घेतलं नसतं. चारी बाजूंनी काढलेल्या त्या चित्रात बघणाऱ्याचं शरीर नसतं. खाली पाहिलं की गवत असतं, मांड्या नसतात. तुम्हाआम्हाला कळतं की आपण चष्मा लावलाय. अप्पांना तो लावल्याचं एका मिनिटात विसरायला होतं. मग उरते ती अनोळखी बाग, चेहऱ्यावर दाबून बसलेलं काहीतरी, आणि नाहीसे झालेले पाय. ताईंनी लगेच चष्मा काढला, पाणी दिलं. पुढच्या वेळेपासून चप्पल काढून अप्पांचे तळवे लाकडी पाटावर टेकवायचे आणि मी त्यांचा डावा हात धरून बसायचं, असं ठरलं. पाट दिसत नसला तरी लागतो.

दुसऱ्या वेळी ताईंनी गुगलचे रस्ते, म्हणजे त्याच्या नकाशातले रस्त्यांचे चारी बाजूंचे फोटो, दाखवायचं ठरवलं. भारतात ती सोय २०२२ च्या जुलैत आली, पहिल्या दहा शहरांत मुंबई होतीच. चष्म्यात जे दिसतं ते शेजारच्या टीव्हीवरही दिसेल असं लावलं होतं, म्हणजे मलाही अप्पांबरोबर बघता येत होतं. हे फार महत्त्वाचं. नाहीतर ते आत आणि आपण बाहेर, बोलणार कशावर? ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभे केले. अप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “हे पत्रे कुणी लावले?”

मेट्रोचे पत्रे होते. गिरगावात त्या भुयारी मेट्रोसाठी काही चाळी पाडल्या, रस्ता वर्षानुवर्षं पत्र्यांनी चिरलेला. मी म्हणणार होते, “अप्पा, मेट्रो येतेय, तुम्हाला सांगितलं होतं ना”, तेवढ्यात ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. आणि त्यांनी विचारलं, “इथे आधी काय होतं, अप्पा?”

“ते सांगतो. पण आधी हे बघा, सगळ्यांची तोंडं पुसलीत.”

रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे गुगल धूसर करून ठेवतं, हे आपण पाहून न पाहिल्यासारखं करतो. अप्पांना पहिली तीच चूक दिसली. “शाई नीट लागली नाही,” असं काहीसं पुटपुटले. मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, कारण ओळखीची तोंडं पुसली जायला त्यांची सुरुवात झालीच होती, आदल्या आठवड्यात सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्यांनी माझ्या नवऱ्याला “आपण कोणत्या मजल्याला?” विचारलं होतं. पण अप्पा घाबरलेले नव्हते. चिडलेले होते, ते छापखान्यात चिडायचे तसे. ताई चित्र दहा-वीस फूट पुढे नेत होत्या. एका दुकानाच्या पाटीपाशी अप्पांचा हात वर गेला.

“दूध. दू दीर्घ. ‘दुध’ काय लिहिलंय? दुधाचं म्हटलं की ऱ्हस्व. नुसतं दूध दीर्घ.”

टीव्हीवर मीही वाचलं. ‘ताजे दुध मिळेल.’ पुढे ‘मीठाई’ सापडली. पुढे एका भिंतीवर ‘जाहीरात लावू नये’. अप्पांनी आठ मिनिटांत तीन चुका काढल्या, एका दुकानाचं नाव सरळ सुंदर लिहिलंय म्हणून शाबासकी दिली, आणि चष्मा काढल्यावर, केस विस्कटलेले, नाकावर वळ उमटलेला, अशा अवतारात पुढची वीस मिनिटं बोलले. छापखान्यात नवीन पोरगा यायचा त्याला ‘ष’ आणि ‘प’चे खिळे वेगळे ओळखता यायचे नाहीत, कारण खिळ्यावरचं अक्षर उलटं. मालक महिन्याच्या सात तारखेला पगार द्यायचे, पाकिटात. दादरला बहिणीकडे जायला ट्राम होती. “टी. टी. म्हणजे काय माहितेय का? ट्राम टर्मिनस. तुम्हा लोकांना वाटतं ते नुसतंच टीटी.” ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, ती तारीख त्यांनी न अडखळता सांगितली. मी घरी येऊन पडताळली. बरोबर होती. आज कोणता महिना हे मात्र त्यांना माहीत नव्हतं आणि त्या वीस मिनिटांत कुणी विचारलंही नाही.

मराठी पाट्यांची सक्ती झाल्यापासून शहरात चुकांचं पीक आलंय यावर माझ्याकडे स्वतंत्र तक्रारवही आहे, पण अप्पांच्या बाबतीत त्या सगळ्या पाट्या रंगवणाऱ्यांचे उपकारच.

माझ्या मुलाने मग घरासाठी जुना हेडसेट घेतला, १८ हजारांना, आणि चारी बाजूंचं चित्र घेणारा कॅमेरा मित्राकडून उसना आणला. त्याने आजोबांसाठी जो खटाटोप केला, त्यावरून काही गोष्टी सांगते, कारण त्या कुणी आधी सांगत नाही. पहिली म्हणजे उंची. त्याने काठी डोक्याच्या वर धरून गोखले रोड टिपला. घरी चष्म्यात बघितलं तर अप्पा म्हणाले, “मला शिडीवर का चढवलंय?” माणूस बसून बघणार तर कॅमेराही बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकाच उंच हवा, चारेक फूट. दुसरी, हलायचं नाही. मुलाने चालत व्हिडिओ घेतला होता. डोळे सांगतात चाललोय, कान सांगतात बसलोय, आणि पोट दोघांवर रागावतं. अप्पांना मळमळलं, त्यातून त्यांची रात्रीची गोळीही पोटाला त्रास देणारी. तिसरी, व्हिडिओपेक्षा स्थिर चित्र बरं. कॅमेऱ्यावर चित्राच्या बारकाईचा आकडा मोठा लिहिलेला असतो, पण ते चित्र चारी बाजूंना पसरतं, डोळ्यांपुढे येतो त्याचा छोटा तुकडा, आणि पाटीवरची अक्षरं फुटतात. आमचं तर सगळं घोडं पाट्यांवर. मग तो प्रत्येक जागी एक स्थिर चित्र घ्यायचा आणि आवाज फोनवर वेगळा. जांभळी नाक्याचा भाजीवाल्यांचा ओरडा, कौपिनेश्वराच्या देवळातली घंटा, तलावपाळीला शेंगदाणेवाल्याची कढईवरची टकटक. अप्पांच्या एका कानातलं यंत्र हेडसेटच्या पट्ट्याला लागून शिट्टी मारायचं, म्हणून आवाज खोलीतल्या साध्या स्पीकरवर.

नौपाड्याची आमची गल्लीही त्याने घेतली. तिथे आता खड्डा आणि क्रेन आहे. अप्पांना ते दाखवलं नाही. दाखवावं का, यावर घरात दोन दिवस वाद झाला आणि शेवटी फोनमधून पुसूनच टाकलं.

एकदा मात्र आमचं चुकलंच. मुलगा गिरगावला आमच्या जुन्या चाळीत जाऊन आला. चाळ उभी आहे, वरच्या मजल्यावर अजून दोन घरं ओळखीची निघाली, त्यांनी प्रेमाने सगळं करू दिलं. जिना, गॅलरी, मोरीच्या बाजूचा नळ, खोलीचं दार. मला इतका आनंद झाला होता, की संध्याकाळी पाच वाजता, चहा झाल्या झाल्या, मी अप्पांना चष्मा लावला. गॅलरीत उभं केलं. अप्पांनी कठड्याकडे हात नेला, हाताला काही लागलं नाही. दाराकडे वळले. आणि ज्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं, तशा पोरवयाच्या आवाजात म्हणाले, “आई, मी आलो.”

चष्मा काढला. पण ते आले नाहीत. आई जेवायची थांबलीय, मला जाऊ द्या. दार उघडा. पिशवी. चपला. सात वाजता मामांची सुट्टी झाली, साडेआठला माझा नवरा आला, अप्पा दाराला हात लावून उभेच. आम्ही त्यांना घेऊन खाली उतरलो, सोसायटीला तीन फेऱ्या मारल्या, घोडबंदरच्या ट्रॅफिककडे बघून ते म्हणाले, “गाड्या बंद आहेत वाटतं.” मी म्हटलं, “हो अप्पा, गाड्या बंद आहेत. आईला निरोप पाठवलाय.” त्यावर ते वर आले. रात्री जेवले नाहीत. त्या खोट्याबद्दल मला आजही काही वाटत नाही, चष्म्याबद्दल वाटतं. संध्याकाळ ही या आजारात तशीही घातवेळ, ऊन कलतं तसं मन कलतं, हे मला माहीत होतं. घाई माझी होती. मला बघायचं होतं ते.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी चाळीची चित्रं बाजूला ठेवायला सांगितली, वेळ सकाळी अकराची, चष्मा जास्तीत जास्त दहा मिनिटं, आणि नंतर लगेच हातात काहीतरी द्यायचं, म्हणजे परत यायला वाट मिळते. हातात काय द्यायचं? मुलाने डोकं चालवलं. एका भंगारवाल्याकडून त्याने मूठभर खिळे पैदा केले, शिशाचे, काळवंडलेले. डाव्या तळहातावर ठेवले. अप्पांनी बघितलंही नाही, अंगठा फिरवला. प्रत्येक खिळ्याला बाजूला एक खाच असते, ती अंगठ्याला लागली की कुठली बाजू वर हे न बघता समजतं. अप्पांनी सातही खिळे फिरवून एका दिशेला आणले, खाच बाहेर, बोटांत ओळ धरली, आणि मग डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, “याच्यात काही जुळत नाही. मात्रा कुठायत?” १८ हजारांच्या यंत्राच्या बाजूला पन्नास रुपयांचं शिसं. मुलगा म्हणाला, “आई, आपण उलट्या क्रमाने खरेदी केली.”

तरी मी चष्म्याला नावं ठेवणार नाही. खिळ्यांनी हात चालायचे, चष्म्याने तोंड. आमचा दर मंगळवार-शुक्रवारचा तो कार्यक्रमच झाला. मामा पाट आणून ठेवायचे, अप्पांचे तळवे टेकवायचे, टीव्ही लावायचे. अप्पा राम मारुती रोडने निघायचे आणि चुका काढायचे. मी वहीत लिहून घ्यायचे, मोठ्याने. ‘विद्यूत रोषणाई’ : द्यु ऱ्हस्व. ‘नविन माल’ : वी दीर्घ. ‘शितपेय’ : शी दीर्घ. मामा मूळचे बीडचे, आठवी शिकलेले, त्यांना त्यात इतका रस आला की स्वतःच्या भाच्याच्या लग्नपत्रिकेचा कच्चा मजकूर ते घेऊन आले. अप्पांनी त्यात चार चुका दाखवल्या. ‘आर्शीवाद’वर थांबून म्हणाले, “रफार उडून पुढे बसला पाहिजे. आधी शी, मग र्वा.” भाच्याच्या पत्रिकेत ‘आशीर्वाद’ बरोबर छापून आला. मामांनी पेढे आणले आणि अप्पांना वाकून नमस्कार केला. त्या दिवसानंतर त्यांनी मला “अप्पांनी आज असं केलं” म्हणून फोन केला नाही.

मीही घरात हळूहळू बदलले. मुद्दाम चुकायला लागले. “अप्पा, कोजागरी म्हणजे अष्टमीला ना?” “अप्पा, निर्णयसागर छापखाना पुण्यात ना?” ते खवळायचे. “मुंबईत! जावजी दादाजींचं. पुण्यात काय?” एकदा तर म्हणाले, “तू बँकेत होतीस ना? कशी काय ठेवली तुला?” वर्षभर हे छान चाललं. मार्कांत काही सुधारणा झाली का, तर नाही. दर सहा महिन्यांनी ती ३० मार्कांची प्रश्नपत्रिका झाली, १९ चे १६, १६ चे १२. रात्रीची भटकंतीही सुरू राहिली. फक्त अकराच्या सुमाराला अप्पा स्वतःहून खुर्चीत येऊन बसायचे आणि खिशाशी हात न्यायचे, लाल पेनासाठी. आम्ही तिथे पेन ठेवायला लागलो.

यंदाच्या पावसाळ्यात पाट्या वाचण्याचा वेग कमी झाला. अक्षरं लावून वाचायचे, पहिलीतल्या मुलासारखं. मग वाचायचे आणि थांबायचे, चूक आहे हे कळायचं, कुठली ते हाती लागायचं नाही. बोट हवेत फिरत राहायचं. मुलाने अक्षरं मोठी करून पाहिली, उजेड वाढवून पाहिला. गणपतीनंतर एका शुक्रवारी त्यांना ठाकूरद्वारची ती जुनीच वाट लावली, जिथे त्यांनी पहिल्यांदा हात वर केला होता. दुधाची पाटी आली, गेली. मिठाईचं दुकान आलं. अप्पांचे डोळे कुठे आहेत ते टीव्हीवर मला दिसत होतं, नेमके पाटीवर. ते काही बोलले नाहीत.

मी त्यांचा हात दाबला. म्हटलं, “अप्पा, ‘मीठाई’ बरोबर लिहिलंय ना? मी दीर्घच ना?”

ते थोडा वेळ थांबले.

“असेल,” म्हणाले. “तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हालाच माहीत.”

अप्पांनी मला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मुलाने अलगद चष्मा काढला. अप्पांनी खिशातून रुमाल काढला, नाकावरचा वळ पुसला आणि मला विचारलं, “चहा घेणार ना?”